डागावर छापलेली फुलं

इचलकरंजी सोडली त्या दुपारी आप्पा जेवायच्या सुट्टीत कारखान्यातून थेट एसटी स्टँडवर आले होते. केसांत, भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर कापसाचं तूस. माझ्या लग्नाला नऊ दिवस झाले होते. विजय बॅगा वर ठेवत होते, आई पाण्याची बाटली भरायला गेली होती आणि माझी धाकटी बहीण मंगल खिडकीखाली उभी राहून माझा नवा मोबाइल नंबर पाठ म्हणून दाखवत होती. अशा वेळी काय बोलायचं ते आप्पांना कधीच सुचत नाही. त्यांनी खिडकीतून हात घालून माझ्या साडीचा पदर सवयीनं चिमटीत धरून बघितला आणि म्हणाले, "लेकी, तिकडं सगळं तयार मिळतंय. घेताना बोटांनी बघून घे. लेबल वाचून घेऊ नको."

गाडी हलली तेव्हा ते घड्याळ बघत होते. सुट्टी संपत आली होती.

मी हे लिहितेय ते इचलकरंजीत राहिलेल्या माझ्या माणसांसाठी, आणि आमच्या गल्लीतून माझ्यासारख्याच लग्न होऊन पुण्या-मुंबईकडे गेलेल्या पोरींसाठी. मंगलच्या बाळाच्या बारशात काय झालं ते तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. पण तुम्ही ऐकलंय त्यात 'सुनंदाला सासरच्यांनी फसवलं' असं एक वाक्य आहे. आई ते सगळ्यांना सांगत फिरली. माझी लाज झाकायला सांगितलं तिनं, मला ठाऊक आहे. मला कुणी फसवलं नव्हतं.

आम्ही बदलापूरला कात्रपमध्ये राहायला आलो. चौथ्या मजल्यावर दोन खोल्या, खाली डेअरी आणि क्लासेसचे बोर्ड. विजय अंबरनाथच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत पॅकिंग खात्यात सुपरवायझर होते. इचलकरंजीत आमच्या घराला मागांच्या खडखडाटाची सवय होती. इथं दुपारची शांतता मला खायला उठायची. पहिल्या वर्षात माझी भाषा बदलली. 'व्हय'चं 'हां' झालं, 'न्हाई'चं 'नाही' झालं, भाजीवाल्याशी हिंदी बोलायला लागले. मी फोनवर 'ॲडजस्ट करतेय' म्हटलं की आई हसायची.

दुसऱ्या वर्षी विजयच्या कंपनीनं ते खातंच बंद केलं. चार महिने झाले तरी ते घरीच होते. रोज सकाळी दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि मग खुर्चीत बसून राहायचे. तेव्हा विजयचे चुलत भाऊ, दत्ताभाऊजी, स्वतःहून घरी आले. आम्हाला ही जागा त्यांनीच बघून दिली होती. त्यांचा उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये चादरींचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एका बोळातले दोन गाळे, एक पुढचा आणि एक मागचा. ते म्हणाले, सुनंदा कापडवाल्याची मुलगी, तिला चेकिंगला घेतो, घरात बसून काय करणार. मला फार बरं वाटलं. खरं सांगायचं तर मला अभिमान वाटला. आप्पांनी तीस वर्षं केंब्रिक तपासलं होतं. ते कापड इतकं बारीक आणि दाट विणलेलं असतं, की धागा चुकला तर डोळ्यांना दिसायच्या आधी बोटांना कळतो. लहानपणी शाळा सुटली की मी त्यांच्या टेबलाशी जाऊन बसायची. ते माझे डोळे झाकून हातात तुकडे द्यायचे आणि मी सांगायची, हे पॉपलिन, हे केंब्रिक, यात पॉलिस्टर आहे. ती विद्या मी सासरी आणली होती आणि आता तिचा उपयोग होणार होता.

पुढच्या गाळ्यात सहा बायका मशीनवर चादरींच्या कडा शिवायच्या. त्यांतल्या मोठ्या मोहिनीदीदी, कॅम्प चारमध्येच जन्मलेल्या सिंधी बाई. पन्नाशी उलटलेली, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. हिंदीत सुरू केलेलं वाक्य त्या मराठीत संपवायच्या. चादरी घडी होऊन प्लास्टिकच्या पिशवीत जायच्या. पिशवीतल्या पुठ्ठ्यावर पांढऱ्या पलंगाचा फोटो आणि लिहिलेलं, 'शंभर टक्के कॉटन परकेल, हॉटेल क्वालिटी'. परकेल हा शब्द मी तिथंच पहिल्यांदा वाचला. आप्पांना फोनवर विचारलं तर म्हणाले, आपल्या केंब्रिकचाच भाऊ की तो, साहेबाच्या गावाला राहायला गेलेला.

माल हातात घेतल्यावर मी चकित झाले होते. सुरेख कापड. नव्या कापडाला खळ असते, ते थोडं कडक लागतं, पण हे मऊ, थंड, हातातून ओघळणारं. दहा-बारा दिवस मी खुशीत होते. मग एका चादरीच्या कडेपासून बोटभर आत मला बारीक भोकांची एक सरळ रांग लागली. सुईची भोकं. पुढच्या चादरीलाही तशीच. तिसरीच्या कोपऱ्यात, दुमडीच्या आत, एक लांब केस शिवणीत अडकलेला. ओढला तर अर्धा तुटून हातात आला. पिकलेला होता आणि खालच्या टोकाला मेंदीचा लाल रंग होता.

मी ती चादर मोहिनीदीदींपुढे धरली. त्यांनी मशीन थांबवलं नाही.

"पुराना टाका आहे तो," त्या म्हणाल्या. "पहिली शिलाई उसवली, कोपऱ्यावरचा शिक्का कापला, अपनी शिलाई मारली. इसलिए चादर छोटी पडते."

"कुठल्या चादरी आहेत या?"

"अस्पताल की, लॉज की, जिथून मिळतील तिथून. तुला साहेबांनी सांगितलं नाही?"

मी मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले. परत येऊन उरलेल्या चादरी तपासल्या. त्या दिवशी घरी पोळ्याही केल्या. ती कणीक मळताना मला माझीच बोटं परकी वाटत होती, पण मळली आणि विजयना वाढली.

दुसऱ्या दिवशी मी गेले नाही असं मला लिहायला आवडलं असतं. मी गेले. ते भोकं बघणारं बोट दत्ताभाऊजींच्या लक्षात आलं होतं. त्यांनी मला मागच्या गाळ्यात नेलं. तिथं जीन्स धुणाऱ्या एका वॉशिंगमधून ब्लीच होऊन, उकळून आलेले गठ्ठे पडलेले असायचे. खोलीभर ब्लीचिंग पावडरचा वास आणि त्याच्या खाली दुसरा एक वास. तो वास कशाचा ते मी शोधायला गेले नाही. भाऊजींनी समजावून सांगितलं, अगदी शांतपणे, शाळेतल्या मास्तरांसारखं. पॉलिस्टर मिसळलेली जुनी चादर गोळे धरते, ती नवी म्हणून खपत नाही. पण चांगलं सुती कापड धुऊन धुऊन मऊ होत जातं आणि गिऱ्हाईक मऊपणावर फिदा असतं. तेव्हा गठ्ठ्यातून अस्सल बारीक सूत वेगळं काढायचं. हे काम डोळ्यांचं नाही, बोटांचं. तुझ्याशिवाय कुणाला जमणार?

मला जमलं. दिवसभर मी हात घालून निवडायची. स्वच्छ पांढऱ्या एकीकडे, डागाच्या दुसरीकडे. ब्लीचनं रक्त जात नाही पुरतं. त्याची कड राहते, पिवळट तपकिरी, चहाचा पेला ठेवून उचलल्यासारखी. मोहिनीदीदींनी त्या डागांना नावं दिली होती, डोक्याकडचा तो 'सिरवाला' आणि मधला तो 'बीचवाला'. बीचवाला म्हणताना बायका हसायच्या, मीही हसायला शिकले. कधी चिकटपट्टीचा तुकडा निघायचा, कधी सलाइनच्या नळीचा गंजासारखा ठिपका. डागाच्या चादरी शेजारच्या बोळात स्क्रीन प्रिंटिंगला जायच्या आणि गुलाबी-जांभळी फुलं होऊन परत यायच्या. छापणाऱ्याला मी खडूनं खूण करून द्यायची, फूल कुठं हवं ते. जिथं डाग तिथं फूल. म्हणून त्या चादरींवरची फुलं जरा वेडीवाकडी पडायची आणि बाजारात लोक म्हणायचे, बघा, हँडप्रिंट दिसतंय.

तुम्ही म्हणाल, किळस नाही आली? आली. इतकी आली की पांढरा भात ताटात बघवेना. स्वतःच्या घरातल्या चादरी, ज्या मी माहेराहून आणल्या होत्या, त्याही मी रोज उलटून बघायला लागले. पण किळस येऊनही माणूस रोज वेळेवर कामावर जाऊ शकतो, आठ महिने जाऊ शकतो, हे मला तिथं कळलं. आणि मला ज्याची आज सगळ्यात जास्त शिसारी येते ते वेगळंच आहे. डोळे मिटून गठ्ठ्यात हात घातला आणि उत्तम केंब्रिक हाताला लागलं की मला आनंद व्हायचा. लहानपणी आप्पांच्या टेबलाशी व्हायचा, अगदी तोच.

विजयना मी काही सांगितलं नाही. ते केमिकल कंपनीत राहिलेले. माझ्या केसांना ब्लीचचा वास येतो हे त्यांना कळत नसेल असं नाही. त्यांनी विचारलं नाही. एकाच पलंगावर आम्ही दोघं ते न विचारलेलं घेऊन झोपत होतो.

मग मंगलला मुलगी झाली. बारशाला निघायच्या आदल्या दिवशी मी बाळाला वाळे आणि मंगलला साडी घेतली. निघताना दारात जाऊबाई, म्हणजे दत्ताभाऊजींची बायको, आली आणि 'आमच्याकडून आहेर' म्हणून विजयच्या हातात एक गिफ्ट पॅक केलेला डबा देऊन गेली. मी आत कुलूप शोधत होते. इचलकरंजीत पोचेपर्यंत तो डबा मी धड बघितलासुद्धा नव्हता.

बारसं आमच्याच घरी होतं. तुमच्यापैकी बऱ्याच जणी होतात तिथं. पाळणा बांधलेला, गल्लीतल्या बायका जमलेल्या, घुगऱ्यांची पातेली भरलेली. मंगलनं आहेर उघडायला घेतले आणि तो डबा फोडला. आत पाळण्याच्या मापाच्या चार चादरी निघाल्या. गुलाबी फुलांच्या.

मोठ्या चादरीतून खराब भाग काढून लहान मापं कापायचं काम दत्ताभाऊजींकडे महिन्याभरापूर्वीच सुरू झालं होतं. फुलं मी ओळखली. त्यांतल्या एका चादरीवरच्या खडूच्या खुणा मीच केल्या होत्या की नाही, ते मी शपथेवर सांगू शकत नाही. पण चारही तिथल्याच होत्या.

बायकांनी त्या हातोहात फिरवल्या. "अगं बघ की गं किती मऊ," "लोण्यावानी लागतंय," "मुंबईचा माल मुंबईचाच." आईनं त्यांतली एक घेतली, पाळण्यात घातलेलं आजीच्या लुगड्याचं जुनं दुपटं बाजूला सारलं, ही अंथरली आणि बाळाला तिच्यावर ठेवलं.

मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, 'आई, ती काढ.' तीन शब्द. मी विजयकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या तोंडावरून मला कळलं की त्यांना सगळं माहीत आहे. मग मंगलच्या सासूबाईंकडे बघितलं, जमलेल्या पंचवीस बायकांकडे बघितलं. 'काढ' म्हटलं तर 'का' असं विचारतील. बायका पाळण्याचं गाणं म्हणायला लागल्या. गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं. आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं. पाळणा हलत होता, बाळ तोंड वळवून त्या फुलाला गाल घासत होतं आणि मी टाळ्या वाजवत होते.

नाव ठेवून झाल्यावर आप्पा पुढं आले. त्यांनी नातीला उचललं आणि मोकळ्या हातानं चादरीचा कोपरा चिमटीत धरला. कोपरा सोडला नाही त्यांनी. बाळाला आईकडे दिलं, चादर घेतली आणि खिडकीपाशी उजेडाला नेऊन धरली. कुणाचं लक्ष नव्हतं. घुगऱ्या वाटणं चाललं होतं. चादर घडी करून ते परसात गेले आणि मला डोळ्यांनी खुणावलं.

"हे नवं न्हाई," ते म्हणाले.

मी परसाचं दार ओढून घेतलं.

"कुणाच्या अंगाखालचं हाय?"

"माहीत नाही, आप्पा."

"जित्याच्या का मेल्याच्या, ते तरी?"

"तेही नाही."

त्यांनी ती पुन्हा बोटांत घेतली. उभा धागा, आडवा धागा. तीस वर्षं बघत होते तसंच बघितलं. मग म्हणाले, "कापड झकास निवडलंय. हे आंधळ्याचं काम न्हवं." आणि माझ्याकडे बघितलं. त्यांना विचारायची गरज नव्हती. ती बोटं कुणाची ते त्यांना कळलं होतं, कारण ती त्यांनीच घडवली होती.

मी परसातल्या नळाशी बसून ओकले आणि आप्पांनी नेहमी फिरवायचे तसा पाठीवर हात फिरवला नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. मी आत जाऊन सगळ्यांसमोर मंगलला सांगितलं. मला वाटलं होतं ती रडेल. तिनं बाळाला अंगावरच्या कपड्यांसकट न्हाणीघरात नेलं आणि आतून कडी लावली. पाण्याचा आवाज कितीतरी वेळ येत होता. बाहेर आली तेव्हा तिनं एकच विचारलं, "ताई, गाणं चाललेलं तेव्हा तुला माहीत होतं?" मी हो म्हटलं. त्यानंतर दीड वर्ष ती माझ्याशी बोलली नाही. आप्पांनी त्या चारही चादरी कारखान्यात नेल्या आणि मागाचं तेल पुसायला दिल्या. जाळायला त्यांचा हात झाला नाही. कापडाचा काय दोष, म्हणाले.

परतीच्या गाडीत विजय म्हणाले, "मी विचारायला हवं होतं." मी म्हटलं, मी सांगायला हवं होतं.

दत्ताभाऊजींना मी तोंडावर सांगितलं, उद्यापासून येणार नाही आणि का ते. ते रागावलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "हॉटेलात उतरतेस तेव्हा विचारतेस का, आधी कोण झोपलं होतं?"

"हॉटेलवाला चादर नवी आहे म्हणून देत नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, मी लहान मुलीसारखं काहीतरी बोलल्यासारखी. मग म्हणाले, विजयसाठी एका ठिकाणी शब्द टाकला होता, तो आता राहिला. मोहिनीदीदी मशीनवरून उठल्या नाहीत, पण मी चपला घालताना हळूच म्हणाल्या, "तू निघाली ते चांगलं. मेरा घर तो इसी पे है." मी त्यांना नावं ठेवत नाही. मी स्वतः आठ महिने तिथं होते.

बदलापुरातल्या तीन दुकानांत तो माल जायचा. तिन्ही दुकानदारांना मी जाऊन सांगितलं. एकानं माल परत पाठवला. एकानं मला विचारलं की वहिनी, तुमचं दिराशी काही बिनसलंय का. तिसरा म्हणाला, गिऱ्हाईक खूश आहे, तुम्ही कशाला त्रास करून घेता. मी महापालिकेत लेखी तक्रारही दिली. एक माणूस येऊन बघून गेला असं कळलं. पुढं भाऊजींनी कॅम्प चारचे गाळे सोडले. आता वांगणीला स्टेशनपासून आत, नव्या स्वस्त बिल्डिंगींच्या मागं शेड घेतलीय म्हणतात. तिथं बोटांनी बघणारं कुणीतरी त्यांना मिळालं असणारच. परवा आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकीनं फोटो टाकला होता, 'सो सॉफ्ट, हँडप्रिंट, कॉटन परकेल'. मी खाली लिहिलं, काय आहे ते. तिनं ग्रुपवर हात जोडलेलं चित्र टाकलं आणि मला फोन करून झापलं, सासूबाई त्याच चादरीवर झोपल्यात म्हणून.

विजयना पुढं एका शाळेत ऑफिसात नोकरी मिळाली. मी घरी ब्लाउज शिवते. कापड कुठल्याही दुकानात घेतलं तरी आधी कडेपासून बोटभर आत बोट फिरवते. सवय जात नाही. लग्नाकार्यात कुणाकडे उतरलो तर मी गादीवर ओढणी पसरून झोपते. लोकांना वाटतं ही फार सोवळी. इचलकरंजीत आले तर आई माझ्यासमोर काही बोलत नाही, पण मी आणलेली वस्तू आधी धुवायला टाकते, अगदी डब्यातला खाऊसुद्धा दुसऱ्या डब्यात ओतते. तेही घर आता माझं पहिल्यासारखं उरलेलं नाही. तुम्ही जे राहिलात, तुम्हाला वाटतं बाहेर गेलेल्यांना माहेर तसंच्या तसं वाट बघत असतं. आणि ज्या माझ्यासारख्या बाहेर पडल्यात, त्यांना वाटतं नवं घर भाड्यानं घेतलं, पडदे लावले, की झालं. मला विचाराल तर जिथं माणूस आल्या आल्या, अंथरूण न तपासता आडवा होतो, ते घर. एवढा विश्वास मी माझ्या हातांनी दोन्हीकडचा घालवला.

गेल्या मे महिन्यात मंगल लेकीला घेऊन पहिल्यांदा कात्रपला आली. फोन तिनंच केला होता, सुट्टीत येऊ का म्हणून. मुलगी आता चार वर्षांची आहे, माझ्याकडे बघून लाजते. दुपारी जेवणं झाल्यावर पोरीला झोप अनावर झाली. मी पलंगावर सकाळीच नवी, स्वतः कापड आणून शिवलेली, दोनदा धुतलेली चादर घातली होती. मंगलनं काही न बोलता आपली पिशवी उघडली आणि आतून घरची चादर काढली. माझ्या चादरीवर ती पसरायला लागली. एकटीला जमेना, पलंग भिंतीला लागून आहे. पोर माझ्या खांद्यावर पेंगत होती. मी तिला एका हातावर घेतलं, भिंतीकडच्या बाजूला वाकले आणि तिकडचं टोक धरलं. मंगलनं माझ्याकडे बघितलं नाही.

"ओढ," ती म्हणाली. "सुरकुती राहिलीय."

मी ओढलं.